सव्वासहा फुटांचा बर्थ

“सायेब, ह्यो पाळणा कुणासाठनं म्हणायचा?”

शिकलगार मिस्त्रींनी टेपचं एक टोक बर्थच्या उशाकडे दाबून धरलं होतं. दुसरं टोक माझ्या हातात होतं आणि मी नुकताच आकडा वाचून दाखवला होता : सव्वासहा फूट. तासवड्याच्या एमआयडीसीतली ती बसबॉडीची शेड. मधोमध आमची जुनी सतरा सीटर ट्रॅव्हलर सगळी सीटं काढून पोकळ केलेली उभी होती, आणि कापलेल्या पत्र्याचा वास नाकात बसला होता.

“तुमी सव्वापाच, वैनी त्याहून बारक्या, आन् ताई तर कुंडीतलं झाड,” मिस्त्री म्हणाले. “वरचा फूटभर काय भाड्यानं द्यायचा?”

शेडमधली दोघं-तिघं हसली. मीही हसले. बाबा हसले नाहीत.

“ड्रॉइंगमध्ये आहे तेवढाच ठेवा.”

“आवो ठिवतो की. पण त्यापायी सैपाकाचा ओटा बसंना झालाय. तिकडं फारीनात जाऊन वैनींनी उभं ऱ्हायचं कुठं?”

“ओटा कमी करा.”

मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं, मग शेडच्या दाराकडे. दारात आई डबा घेऊन उभी होती. ती कधी आली ते मला कळलं नव्हतं. तिनं डबा खाली ठेवला, पदराला हात पुसले आणि म्हणाली, “करा कमी. दोन भांडी कमी नेईन.”

मिस्त्रींनी कानामागची पेन्सिल काढून ओट्यावर फुली मारली.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. कोल्हापुरात वनस्पतिशास्त्रात एम. एस्सी. करून कराडला घरी परत आले होते आणि बाबांच्या या मोहिमेची कागदपत्रं माझ्याकडे होती. गाडीत घर बांधायचं, ती न्यूझीलंडला न्यायची, आणि तिथल्या दक्षिण बेटावर, पश्चिम किनाऱ्याजवळच्या एका नदीकाठी मुक्काम करायचा. नदीला नाव आहे. आमच्या घरात ते कोणी घेत नसे. आम्ही ‘ती नदी’ म्हणायचो.

माझा भाऊ मंदार तिथे नोकरीला होता. पाच वर्षांपूर्वी तीन मित्रांबरोबर डोंगरात गेला असताना, वर कुठेतरी पाऊस झाल्यानं फुगलेली ती नदी ओलांडताना त्याचा पाय सुटला. मित्रांनी काठावरून बघितलं. त्याची सॅक खाली एका वळणावर मिळाली. तो मिळाला नाही. आम्हाला व्हिसा मिळेपर्यंत हेलिकॉप्टरं परत गेली होती आणि तिथल्या पोलिसांचं सभ्य भाषेतलं पत्र आलं होतं. मंदार सहा फुटांच्या वर होता. आमच्या घरात तेवढं उंच कोणी नाही. आजोळकडून आलं असावं.

बाबा, सुधाकर आळतेकर, जलसंपदा खात्यातून निवृत्त झाले होते. कृष्णा-कोयनेच्या जलमापन केंद्रांवर त्यांचा जन्म गेला. पाण्याची पातळी, वेग, विसर्ग. नदीत कोणी वाहून गेलं की लोक आमच्या दारात यायचे. मी लहानपणापासून बघत आले होते. अंगणात दोन-चार माणसं उकिडवी बसलेली, एखादी बाई भिंतीला टेकलेली, आणि एकच प्रश्न : “कुठं लागंल, सायेब?” बाबा नकाशा पसरायचे, धरणातून किती पाणी सोडलंय ते विचारायचे आणि बोट ठेवायचे : या वळणावर, या बंधाऱ्याच्या भिंतीशी. बहुतेक वेळा तिथेच सापडायचं. आणि कधी नाहीच सापडलं, तर काही दिवसांनी ती माणसं पुन्हा यायची. तेव्हा बाबा त्यांना चहा पाजायचे आणि म्हणायचे, “आता शोधू नका. घरी जा. पुढचं करा.”

ती माणसं ऐकायची. नदीचा साहेब म्हणाला म्हणजे संपलं.

‘त्या नदी’बद्दल बाबा म्हणायचे, “शोध थांबवलाय त्यांनी. संपवलेला नाही.” तिची पाच वर्षांची विसर्गाची आकडेवारी त्यांनी इंटरनेटवरून उतरवून घेतली होती. तिथला हिवाळा म्हणजे आपला पावसाळा. तेव्हा वरचं बर्फ गोठतं, नदी आटते आणि गोट्यांची बेटं उघडी पडतात. ती एकेक चालत बघायची, असा त्यांचा बेत होता. हॉटेलात राहून ते होणार नव्हतं. म्हणून फिरतं घर.

खरं तर गाडी इथून न्यायचं सुरुवातीला ठरलंच नव्हतं. मी दोन्ही पर्याय तपासले होते. तिथे जुनी, घर बांधलेली व्हॅन सहज विकत मिळते. प्रवासी घेतात आणि जाताना विकतात. इथून न्यायची म्हणजे गाडी बांधा, ती उंचीमुळे कंटेनरमध्ये मावत नाही म्हणून मोटारी वाहणाऱ्या जहाजात जागा धरा, महिनाभर समुद्र, आणि वर ‘कार्ने’. परदेशात गाडी तात्पुरती न्यायची तर हा परवाना लागतो. गाडी मुदतीत, म्हणजे वर्षाच्या आत, तो देश सोडून परत येईल अशी हमी त्यात द्यावी लागते. सगळं तपासल्यावर उत्तर इतकं उघड होतं की मांडायलाही काही नव्हतं. जेवताना मी सांगितलं, “तिथेच घ्यायची.”

बाबांचा चेहरा उजळला. “मी म्हणत नव्हतो? तिथे घेतली की परतीची घाई नाही. व्हिसा संपला की यायचं, पुढच्या वर्षी पुन्हा जायचं. गाडी तिथेच कुणाच्या तरी शेतात उभी राहील.”

आई वाढत होती. आमटीचा डाव तसाच धरून ती म्हणाली, “गाडी इथूनच न्यायची.”

“अगं, रुजूनं आत्ता सगळं सांगितलं ना? जहाजाचं भाडं, तो कार्ने—”

“ऐकलं मी. इथूनच न्यायची.”

“का, पण? काहीतरी कारण?”

“मला परक्या माणसाच्या अंथरुणावर झोप येत नाही.”

“कुमुद, गादी नवी घेता येते!”

“मग तुम्ही दोघं जा.” आईनं आमटी वाढली. “पोळी देऊ?”

बाबांना साखरेचा त्रास होता. दिवसातून दोनदा इंजेक्शन आईच द्यायची, आणि आईशिवाय ते सातारच्या पलीकडे कधी राहिले नव्हते. पण तेवढ्यासाठी ते हटले नसते. मंदारच्या नदीवर मंदारच्या आईला सोडून जाणं त्यांना जमलं नसतं, इतकंच. आठवडाभर त्यांनी समजावलं, रागावले, एकदा ताटावरून उठले. आई जागची हलली नाही. शेवटी तेच थकले आणि जुनी ट्रॅव्हलर शोधायला कोल्हापूर, सांगली, पुणे पालथं घातलं. सगळीकडे दलालांची तीच भाषा, तेच खोटं किलोमीटर. “कुठंही जा, पळसाला पानं तीनच,” ते वैतागून म्हणाले.

मला त्या वेळी आईचा हट्ट समजला नव्हता, आणि न समजलेली गोष्ट मला सोडवत नाही. एकदा ती भाजी निवडत असताना मी विचारलं, “खरं सांग, गादीचंच कारण आहे?”

“ते कार्ने काय म्हणालीस?” तिनं उलट विचारलं. “गाडी वर्षात परत आणावीच लागते?”

“हो.”

“नाही आणली तर?”

“हमी जप्त होते. पुढे कायद्याची भानगड.”

“आणि बाबांनी सही केली की ते पाळतील.”

“बाबा? बाबांनी लायब्ररीचं पुस्तक कधी उशिरा दिलंय का?”

“मग झालं,” आई म्हणाली आणि मेथीची जुडी सोडली. मला वाटलं, तिला हमी बुडण्याची भीती आहे. मी तिला समजावत बसले की मुदत वाढवूनही मिळू शकते. ती एकदम थांबली. “हे बाबांना सांगू नकोस,” म्हणाली.

मी सांगितलं नाही. तेव्हा मला ती एक साधी काटकसर वाटली.

त्याच हिवाळ्यात आई शेजारच्या गद्रेकाकूंबरोबर आगाशिवच्या डोंगरउतारावर जाऊन पळसाची पानं आणायला लागली. पिशव्या भरून. दुपारी मागच्या पडवीत बसून ती पत्रावळी लावायची. “गाडीत ताटं घासायला पाणी कुठलं?” मी तिला सांगितलं की त्या देशात झाडाचं पानसुद्धा नेता येत नाही, बी, माती, किडा, काही म्हणजे काही चालत नाही. “बरं बाई. गद्र्यांच्या घरी लग्न आहे, त्यांना देईन,” ती म्हणाली, आणि पत्रावळी खरंच गद्र्यांकडे गेल्या. पळसाचं पान म्हणजे एका लांब देठावर तीन पानं. पत्रावळीला ती तीन लागतात. देठ टाकून देतात. देठाचं मी काही विचारलं नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी गाडी मिस्त्रींच्या शेडमधून निघाली आणि विद्यानगरमधल्या आमच्या अंगणात येऊन उभी राहिली. पांढरी, उंच, घराच्या खिडक्या झाकणारी. दुसऱ्या दिवशी ती बंदरावर जायची होती. त्याआधी माझं काम होतं : गाडी निर्जंतुक नव्हे, निर्बीज करायची. तिकडच्या बंदरावर अधिकारी बॅटरी घेऊन गाडीखाली शिरतात. चिमूटभर माती किंवा एक कुसळ दिसलं तरी गाडी अडवतात.

मला ते काम आवडलं होतं हे सांगायला हवं. सकाळपासून मी ब्रश, चिमटा, व्हॅक्यूम घेऊन लागले होते. रेडिएटरच्या जाळीत गाजरगवताचं बी होतं, वायपरच्या खाचेत सावरीचा कापूस, मागच्या मडगार्डच्या आत कुठल्यातरी जुन्या फेरीतली काळी माती आणि तिच्यात अडकलेली आघाड्याची कुसळं. स्टेपनीच्या कप्प्यात गोखरूचा काटा मिळाला. प्रत्येक वस्तू मी पांढऱ्या कागदावर ठेवत होते. या गाडीनं कुठून कुठून प्रवास केला ते मला तिच्या बियांवरून सांगता आलं असतं.

दुपारी मी आत शिरले. ओट्याखालची कपाटं, पंख्याची जाळी, रबरी चटईच्या कडा. शेवटी लांब बर्थ. त्याची फळी वर उचलता यायची, खाली सामानाचा कप्पा होता. फळी उचलली. आत बाबांचे गमबूट, दोऱ्या, त्यांचं जुनं प्रवाहमापक यंत्र. आणि सगळ्यात आत, कोपऱ्यात, पिवळट रेशमी कापडात बांधलेलं एक लांबट गाठोडं.

कापड मी ओळखलं. मंदारच्या मुंजीतलं छोटं उपरणं.

मी ते बाहेर काढून बर्थवर सोडलं. आत वाळलेली देठं होती. एकसारखी, बोटभर जाडीच्या जुड्या करून लोकरीच्या धाग्यानं बांधलेली. बुडाशी फुगीर, वर पानं खुडल्याच्या तीन खुणा. पळस. माझ्या मनात आधी एवढंच आलं : पळसाची देठं, पानांशिवाय, कशासाठी? त्यांच्याखाली एक न सोललेला नारळ होता, दर्भाची पेंढी, आणि डब्यात कसलंतरी पीठ. बोटावर घेऊन बघितलं. जव.

मग मला समजलं. ज्याचं प्रेत मिळत नाही त्याचं प्रेत करतात. पळसाच्या देठांचं. तीनशे साठ, शास्त्रात माणसाची हाडं तेवढी मानली आहेत. नारळ म्हणजे डोकं.

मी गाडीच्या दारातून हाक मारली, “आई.”

ती ओले हात घेऊन आली. गाठोडं बघितलं आणि पायरीवरच बसली.

“बघायचं नव्हतंस,” ती म्हणाली.

“आई, मला नाही तर त्यांना सापडलं असतं. झडती घेतात तिथे. हे जाऊच शकत नाही.”

“काय होतं? वाळलेल्या काड्या आहेत. कुठं रुजणार आहेत त्या?”

“रुजायचा प्रश्नच नाही. वनस्पती म्हणजे वनस्पती. काढून घेतात.”

“काढून घेऊन काय करतात?”

मी उत्तर द्यायला नको होतं, पण विचारलेल्या गोष्टीचं खरं उत्तर द्यायची मला सवय. “नष्ट करतात. बहुतेक जाळतात.”

“जाळतात.”

“भट्टीत. लोकांकडून काढून घेतलेली फळं, भाज्या, बाकीचं सगळं असतं, त्याच्याबरोबर.”

आईनं हात पदरात गुंडाळले. मग म्हणाली, “उमराणी गुरुजींना विचारलं मी. म्हणाले, माणूस बेपत्ता असेल तर बारा वर्षं थांबतात. पण जाताना डोळ्यांनी बघितलंय लोकांनी. थांबायची गरज नाही. त्याच नदीच्या काठी करा, म्हणाले. मी ठरवलं होतं, तिथे गेल्यावर यांना सांगायचं. तिथे ते नाही म्हणू शकणार नाहीत. एकदा करायचं आणि गाडी घेऊन परत यायचं. म्हणून गाडी इथली हवी होती, रुजू. तिथे गाडी घेतली असती तर ती तिथे उभी राहिली असती. दर वर्षी. गाडी तिकडे आणि हे इकडे नुसते श्वास घेत बसलेले. मला मुलगा मिळाला नाही. नवराही त्याच नदीत घालू?”

“बाबांना विचारलंस का नाही, मग?”

“काय विचारू? त्यांनी त्याच्यासाठी बिछाना करून घेतलाय. बघितलास ना? सव्वासहा फूट. बापानं मुलाला झोपवून परत आणायचं ठरवलंय. कुठल्या तोंडानं सांगू, की हे घ्या, मी त्याची तिरडी बांधून आणलीय?”

गाडीच्या पुढच्या बाजूला काहीतरी हललं. ड्रायव्हरच्या दारात बाबा उभे होते. हातात हवेचं मीटर. टायरमधली हवा तपासायला ते बाहेरच होते. गाडीच्या पत्र्यातून सगळं ऐकू येतं.

ते आत आले. त्या गाडीत तीन माणसं उभी राहिली की वळायला जागा उरत नाही. त्यांनी बर्थवरचं गाठोडं बघितलं. उपरणं बघितलं.

“हे काढ, रुजू,” ते शांतपणे म्हणाले. “उद्या गाडी निघायचीय.”

“बाबा—”

“तुझ्या नियमात बसत नाही ना? काढ मग. घराबाहेर नेऊन टाक.”

“टाकणार नाही ती,” आई पायरीवरून म्हणाली.

“कुमुद, तो गेला हे कुणी ठरवलं? तीन पोरांनी? पुराच्या पाण्यात माणूस किती लांब वाहतो, कुठं बाहेर पडतो, याचा अभ्यास त्यांनी केलाय का? मी केलाय! तिथे वस्ती नाही, जंगल आहे, एखादा माणूस—”

“एखादा माणूस काय? पाच वर्षं?”

“मी शक्यता सांगतोय.”

“तुम्ही कधी शक्यता सांगितलीत लोकांना?” आईचा आवाज चढला नाही, पण ती उठून उभी राहिली. “टेंभूची ती बाई आठवते? दोन्ही पोरं गेलेली. अंगणात आडवी पडली होती. तिला तुम्ही काय म्हणालात? मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. शोधू नका, म्हणालात. घरी जा, पुढचं करा. ती तुमच्या पाया पडली होती. तिला सांगायला तुम्ही होतात. आम्हाला कोण सांगणार?”

बाबा मीटरचा काटा बघत राहिले.

“नदीचे साहेब तुम्ही,” आई म्हणाली. “दुसऱ्या कुणाचं मी ऐकणार नाही. सांगा तुम्ही. शोधू म्हणालात तर शोधते, मरेपर्यंत. गोटे उलटत बसेन तुमच्याबरोबर. पण नीट सांगा. त्या बाईला सांगितलंत तसं, आकडे बघून.”

बाहेर रस्त्यानं भंगारवाला ओरडत गेला. बाबांच्या हातातलं हवेचं मीटर मी घेतलं.

ते बर्थच्या कडेवर बसले. त्या नदीचे सगळे आकडे त्यांना तोंडपाठ होते. त्या दिवसाचा विसर्ग, पाण्याचं तापमान, समुद्र किती जवळ आहे. मला वाटतं ते मनातल्या मनात एकदा सगळं वरून खाली वाचत गेले, जसे दारात आलेल्या माणसांसमोर वाचायचे.

“पाणी बर्फाचं होतं,” ते म्हणाले. “त्याच दिवशी समुद्रात गेला असेल.”

आईनं डोळे मिटले, आणि मला दिसलं की गेली पाच वर्षं हे वाक्य ऐकणं तिनंही टाळलं होतं.

बाबांनी एक जुडी उचलली. अंगठ्यानं देठ चाचपलं. “ही तिथे न्यायची नाहीत,” ते म्हणाले. “कुणा परक्याच्या भट्टीत नाही.”

“दुसरी मिळायची नाहीत आता,” मी म्हणाले. आगाशिव त्या आठवड्यात लाल झाला होता. पळस फुलतो तेव्हा झाडावर एक पान उरत नाही.

“हीच,” बाबा म्हणाले. “इथेच.”

गाडी जहाजावर कधी चढली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उमराणी गुरुजी आले ते अंगणातल्या त्या पांढऱ्या धुडाकडे बघत राहिले. हे सगळं घाटावर करतात, ते म्हणाले. बाबा म्हणाले, “करू. पण इथे मांडून न्यायचा, घरातून. तो घरातून गेला होता.” गुरुजींनी थोडा विचार केला, धोतर सावरलं आणि गाडीच्या पायऱ्या चढले.

आईनं बर्थवर दर्भ पसरला. गुरुजी सांगत गेले आणि बाबा मांडत गेले : इतकी मानेला, इतकी छातीला, इतकी दोन्ही हातांना. लोकरीचे धागे मी कापून देत होते. माझ्या शिक्षणातली हाडं दोनशे सहा, हे मला मधेच आठवलं आणि त्याचा काही उपयोग झाला नाही. जवाचं पीठ कालवून आईनं ते हातानं लिंपलं, पोराच्या अंगाला तेल लावावं तसं, आधी पायांना. गुरुजी म्हणाले, पुरुषभर लांबी हवी असं काही नाही, लहान केला तरी चालतो. बाबांनी ऐकलं नाही. टाच बर्थच्या पायथ्याच्या फळीपर्यंत नेली. मग नारळ उशाशी ठेवला. मधे कुठे रिकामी जागा उरली नाही.

आईनं ते छोटं उपरणं त्याच्या छातीवर घातलं. पुरलं नाही अर्थातच.

गाडी बाबांनी चालवली. आई शेजारी बसली, गुरुजी त्यांच्या स्कूटरवर पुढे गेले. मी मागे, बर्थशेजारी जमिनीवर बसले होते आणि दोन्ही हात त्याच्यावर ठेवले होते, कारण सैदापूरच्या रस्त्याला खड्डे आहेत आणि पिठाचं लिंपण अजून ओलं होतं. कृष्णेच्या पुलावर बाबा नेहमी गाडी हळू करून खांबावरची पाण्याची पट्टी वाचायचे. जन्मभराची सवय, घाई असली, मागून हॉर्न वाजले तरी. त्या दिवशी त्यांनी समोरच बघितलं.

पूल उतरला की वळण आहे. गाडी वळली, ओट्यावरचं एक भांडं घरंगळत माझ्या पायाशी आलं.

“रुजू,” बाबांनी पुढूनच विचारलं, “हलला का गं?”

मी हात उचलून बघितलं. डोकं उशाच्या फळीला टेकलेलं, पाय पायथ्याच्या फळीला.

“नाही, बाबा,” मी म्हणाले. “बर्थ बरोबर झालाय.”